नवीन स्पिटफायर ॲड-ऑन खऱ्यासारखं आहे की नाही, हे पायलट नसलेल्याने कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या विमान उडवण्याच्या खेळासाठी नुकतंच स्पिटफायर मार्क ९ (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) ॲड-ऑन म्हणून, म्हणजे वेगळं विकत घेऊन खेळात बसवायचं विमान म्हणून, आलंय, व्हिडिओत देखणं दिसतंय, घ्यावं का? पुढे लिहिलंय, “मी पायलट नाही, त्यामुळे खरं-खोटं खऱ्या पायलटांनीच सांगावं.” या शेवटच्या वाक्यासाठी मी उत्तर लिहायला बसलोय. पायलटांनीच का सांगावं? आज यूट्यूबवर स्पिटफायरला गुण देणाऱ्या बहुतेक पायलटांनी आयुष्यभर जेट उडवलेली असतात. स्पिटफायरचं मर्लिन इंजिन त्यांनी कधी सुरूसुद्धा केलेलं नसतं. तुम्ही आणि ते या बाबतीत एकाच पायरीवर आहात.

माझे आजोबा महायुद्धाच्या शेवटी शेवटी रॉयल इंडियन एअर फोर्समध्ये इंजिन फिटर म्हणून लागले. फाळणीच्या सुमारास ते अंबाल्याला होते. १९४७ च्या ऑक्टोबरअखेर काश्मीरमध्ये घुसलेल्या टोळीवाल्यांशी लढायला जी स्पिटफायर श्रीनगरला गेली, ती अंबाल्याच्या ॲडव्हान्स्ड फ्लाइंग स्कूलमधली, शिकाऊ वैमानिकांसाठी ठेवलेली विमानं होती. आजोबांच्या हाताखालून त्यातली इंजिनं गेलेली. निवृत्त होऊन साताऱ्याला आल्यावर त्यांनी याचा फारसा गाजावाजा केला नाही, पण कुणी विचारलं तर रात्र सरायची आणि इंजिनाचं वर्णन संपायचं नाही.

एफएसएक्सच्या (याच सिम्युलेटरची जुनी आवृत्ती) काळात मी एका कंपनीचं स्पिटफायर विकत घेतलं. त्या वेळी ते फार गाजत होतं. रिव्हेटन् रिव्हेट दिसायची, सीटचं कातडं झिजलेलं दिसायचं, डायलच्या काचेवर ओरखडे होते. सुट्टीत लॅपटॉप आणि जॉयस्टिक घेऊन साताऱ्याला गेलो तो आजोबांना हे दाखवायलाच. उन्हाळ्याचं हवामान लावलं, इंग्लंडमधल्या बिगिन हिलच्या धावपट्टीवर विमान उभं केलं, इंजिन सुरू केलं. तेवढ्यात आत्याने जेवायला बसवलं. जेवण, गप्पा, सुपारी झाली. परत आलो तर आजोबा चष्मा लावून पडद्याला नाक टेकवून बसलेले.

“आरं, हे कधीपासनं चालू आहे?”

“आपण जेवायला उठलो तेव्हापासून.”

“मग काटा का हलंना?”

कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमानाचा काटा ऐंशीवर खिळल्यासारखा होता. आजोबांनी बोट ठेवून दाखवलं. स्पिटफायरचे रेडिएटर पंखांच्या पोटाखाली, प्रोपेलरच्या झोताच्या बऱ्याचशा बाहेर. विमान वेगात असलं की त्यातून भरपूर वारा जातो, जमिनीवर उभं असलं की जवळजवळ काहीच नाही. अंबाल्याच्या मे महिन्यात टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवरून विमान चालवत, धावपट्टीपर्यंत जायचं आणि समोर कुणी उतरत असेल तर काट्याकडे बघत थांबायचं. काटा चढत गेला की पायलट नाक वाऱ्याकडे वळवायचा, तरी भागलं नाही तर इंजिन बंद करायचा. मग ही पोरं पळत जाऊन विमान ढकलायची आणि गार होईपर्यंत पंखाच्या सावलीत बसायची. “आत्तापावतर वाफ निघायला पायजे होती,” आजोबा म्हणाले.

मग त्यांनी रन-अप, म्हणजे उड्डाणाआधीची इंजिनाची चाचणी, करायला सांगितला. ब्रेक धरून थ्रॉटल पुढे न्यायचा. मी हात घालणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, “टेलवर कोण बसलंय?” स्पिटफायरचं नाक जड आणि चाकं फारशी पुढे नाहीत, त्यामुळे ब्रेक लावून ताकद दिली की शेपूट उचलतं आणि प्रोपेलर जमिनीत जातो. म्हणून मोठ्या बूस्टवर (इंजिनात कोंबलेल्या हवेच्या जादा दाबावर) इंजिन तपासताना शेपटीवर माणसं बसवायची किंवा ती बांधायची. (१९४५ मध्ये इंग्लंडमध्ये मार्गारेट हॉर्टन नावाची कर्मचारी अशीच शेपटीवर बसलेली असताना पायलटने तिच्यासकट उड्डाण केलं होतं आणि ती जिवंत खाली आली. ही गोष्ट आजोबांना तेव्हाही ठाऊक होती, फिटर लोकांत ती फिरत आलेली.) मी सांगितलं, कुणी बसलेलं नाही. “मग लाव थ्रॉटल.” पूर्ण लावला. विमान जागचं हललं नाही, शेपूट तसूभर उचललं नाही.

आजोबांनी चष्मा काढला. “चित्र झकास आहे. विमान नाही हे.”

संध्याकाळी माझा आतेभाऊ आला. त्याला हा छंद माझ्याआधीपासून आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आजोबांच्या देखत म्हणाला, “पण आजोबांनी विमान उडवलंय कुठं? ते फिटरच ना.” आजोबा काही बोलले नाहीत. मी तेव्हा बोललो आणि अजून बोलतो आहे.

कारण त्याला माहीत नसलेली गोष्ट अशी की पायलट विमानाजवळ यायच्या आधी रोज सकाळी कॉकपिटमध्ये बसून इंजिन चालवून बघणारा माणूस फिटरच असतो. मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारी दोन यंत्रं) एकेक करून बंद करायचे, मिनिटाचे फेरे १५० पेक्षा जास्त पडले तर विमान बाजूला. तेलाचा दाब, प्रोपेलरची पिच (पात्यांचा कोन), बूस्ट, सगळं बघून फॉर्म ७०० या विमानाच्या देखभालीच्या नोंदपत्रावर आधी फिटरने सही करायची, त्यानंतर पायलटने. त्या फॉर्मवर फिटरची सही नसेल तर पुढे हवाई दलप्रमुख झालेले अर्जन सिंग आले तरी विमान हलत नाही. वैमानिक विमानाबरोबर तास-दीड तास असतो, फिटर दिवसभर. इंजिन कुठे कुरकुरतं, किती वेळात तापतं, कुठल्या आवाजाला घाबरायचं, हे फिटरला जास्त कळतं. आणि सिम्युलेटरमध्ये नेमकं तेच खोटं केलेलं असतं, कारण व्हिडिओत ते दिसत नाही.

म्हणून तुम्ही पायलट नसलात तरी बिघडत नाही. रॉयल एअर फोर्सची मार्क ९ ची पायलट्स नोट्स (एपी १५६५ जे) इंटरनेटवर मिळते, पातळशी पुस्तिका आहे. ती शेजारी ठेवा आणि फिटरसारखं बघा.

आधी जमिनीवर. उन्हाळी हवामानात इंजिन चालू ठेवून काटा बघा. मार्क ९ मध्ये रेडिएटरच्या झडपा थर्मोस्टॅटवर आपोआप उघडतात, त्यामुळे जुन्या मार्क ५ इतकं ते लगेच तापणार नाही, पण काटा चढलाच पाहिजे. मग ब्रेक धरून ताकद द्या, शेपूट उठतं का बघा. टॅक्सी करताना लांब नाक आडवं येऊन समोरचं काही दिसता कामा नये, नागमोडी जावं लागलं पाहिजे. ब्रेक हवेच्या दाबावर आहेत, दांडीच्या कड्यावर लिव्हर आणि डावं-उजवं पायाच्या रडरने. सारखे दाबत राहिलात तर दाब उतरला पाहिजे. उतरत नसेल तर बनवणाऱ्याने साधा गाडीचा ब्रेक बसवलाय.

उड्डाण करताना मर्लिन विमानाला डावीकडे ओढतो, उजवा पाय लागतो. ग्रिफन इंजिनाचं मार्क १४ असेल तर प्रोपेलर उलटा फिरतो आणि ओढ उजवीकडे. एकाच कंपनीने दोन्ही दिली असतील आणि दोन्ही एकाच बाजूला जात असतील तर पुढे काही बघू नका.

मर्यादांचे आकडे तोंडपाठ करा, थोडेच आहेत. मिनिटाला ३००० फेरे आणि १८ पौंड बूस्ट फक्त ५ मिनिटं. चढताना २८५० आणि १२, एक तास. सतत चालवायला २६५० आणि ७. कूलंट सतत १०५ अंशांपर्यंत, चढताना १२५, लढाईत १३५. आता मुद्दाम ३००० आणि १८ वर ठेवून बसा. दोन प्रकारची खोटी ॲड-ऑन असतात. एकात कितीही वेळ चालवा, काही होत नाही. दुसऱ्यात पाच मिनिटं संपली की घड्याळ लावल्यासारखं इंजिन बंद पडतं. मला दुसरा प्रकार जास्त खटकतो. पाच मिनिटं ही झीज आटोक्यात ठेवण्यासाठी घातलेली मर्यादा आहे, पाच मिनिटं एक सेकंदाला बेअरिंग वितळत नसतात. चांगल्या ॲड-ऑनमध्ये तापमान वाढत जातं, तेलाचा दाब उतरतो, आणि त्या अत्याचाराची आठवण विमान पुढच्या वेळीही ठेवतं.

हवेत गेल्यावर दांडी पुढे ढकलून निगेटिव्ह जी द्या, म्हणजे सीटवरून वर उचललं गेल्यासारखं होईल असं नाक खाली घाला. इथे बरेच समीक्षक गोंधळतात. सुरुवातीच्या मर्लिनमध्ये फ्लोटचा (तरंगत्या गोळ्यावर चालणारा) कार्ब्युरेटर, म्हणजे इंधन-हवा मिसळणारा भाग, होता, त्यामुळे नाक खाली ढकललं की इंजिन अडखळायचं. जर्मन इंजिनांत इंधन थेट आत फवारलं जायचं, म्हणून ते बिनधास्त खाली सूर मारायचे. बिएट्रिस शिलिंग या इंजिनियर बाईंनी १९४१ मध्ये इंधनाच्या वाटेत छोटी चकती बसवून त्यावर तात्पुरता इलाज काढला. पण तुमचं एलएफ मार्क ९ असेल, म्हणजे मर्लिन ६६, तर त्यात बेंडिक्स-स्ट्रॉमबर्गचा कार्ब्युरेटर आहे आणि ते अडखळता कामा नये. नव्या विमानाला जुना रोग लावून “किती अस्सल” म्हणणारे व्हिडिओ मी पाहिलेत, आतेभावाने पाठवलेले.

उतरताना एवढंच बघा: फ्लॅपला (उतरताना पंखामागून खाली येणाऱ्या पट्ट्यांना) फक्त दोन जागा, वर किंवा पूर्ण खाली. मधली पायरी असेल तर बनवणाऱ्याने पुस्तिका उघडलेली नाही. पंखाला टोकाकडे पीळ दिलेला असल्यामुळे स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल तुटण्याच्या, आधी विमान थरथरून इशारा देतं, विशेषतः घट्ट वळणात. इशारा न देता उलटलं तर गणित चुकलंय. धावपट्टीकडे येतानाचा शेवटचा ॲप्रोच थोडी ताकद ठेवून ताशी ९५ मैल.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. स्पिटफायरचा एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) मुळातच फार हलका आहे आणि आपल्या जॉयस्टिकची दांडी वीतभरसुद्धा नसते. त्यामुळे विमान उड्या मारत असेल तर आधी सेटिंगमध्ये जॉयस्टिकच्या संवेदनशीलतेचा कर्व्ह मऊ करा, मग कंपनीला दोष द्या. सिम्युलेटरमधले ऑटो-रडर वगैरे मदतनीस पर्यायही बंद हवेत, नाहीतर वरच्या निम्म्या चाचण्या फुकट. तुमच्या कॉम्प्युटरवर ते किती फ्रेमने चालेल हे मी सांगू शकत नाही, तुम्ही ग्राफिक्स कार्डही लिहिलेलं नाही. शक्य असेल तर सिम्युलेटरच्या आतल्या मार्केटप्लेसपेक्षा बनवणाऱ्याच्या साइटवरून घ्या, दुरुस्त्या तिथे सहसा आधी येतात. आणि तुम्हाला फक्त संध्याकाळच्या उन्हात पंखांची लंबवर्तुळं बघत उडायचं असेल तर यातलं काही न बघता खुशाल घ्या, तोही आनंदच आहे. तो मला वाईट वाटत नाही. “खऱ्यासारखं” म्हणून तो विकला जातो, ते वाईट वाटतं.

घ्यावं का, तर आज नाही. पहिली दुरुस्ती येईपर्यंत थांबा. तोवर विक्रेत्याला तीनच प्रश्न लिहून विचारा: जमिनीवर कूलंट तापतो का, ब्रेक धरून ताकद दिली तर शेपूट उठतं का, आणि इंजिनाची झीज पुढच्या वेळेपर्यंत लक्षात राहते का. ज्याने हे केलंय तो आनंदाने पानभर उत्तर देईल, तेव्हा दुरुस्ती आली की लगेच घ्या. उत्तरात नुसते कॉकपिटचे फोटो आले तर पैसे राहू द्या.