कार्पेट टाइल्ससाठी एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) घ्यावी का?

प्रश्न : ठाण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये १२ बाय १२ च्या खोलीत पाच वर्षांपूर्वी कार्पेट टाइल्स घातल्या. मी घरूनच काम करते. दारापासून टेबलापर्यंतचा पट्टा काळपट झालाय आणि पावसाळ्यात खिडकीकडून कुबट वास येतो. सफाईची एक कंपनी तीन वर्षांची एएमसी देतेय. दर तीन महिन्यांनी एक याप्रमाणे १२ सफाया, १८,००० रुपये अधिक जीएसटी, सगळे पैसे आगाऊ. एकेक सुटी सफाई २,५०० अधिक जीएसटी. नवऱ्याला १७,०००चं कार्पेट धुण्याचं मशीन नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यायचंय. सासूबाई म्हणतात, हे उपटा आणि व्हिनाइल टाका. त्याचा भाव मजुरीसकट १८० रुपये चौरस फूट. आठ जादा टाइल्स माळ्यावर आहेत. काय करू?

उत्तर : ताई, एक पैसाही खर्च करण्याआधी खिडकीकडच्या दोन टाइल्स उचलून खालची फरशी बघा. ओल असेल किंवा कडेला लोणा, म्हणजे ओलीने येणारा पांढरा खार, आला असेल, तर दुखणं भिंतीत आहे. मग पैसे आधी बाहेरच्या गळतीवर. या टाइल्सची पाठ बहुतेक पीव्हीसीची किंवा डांबरी असते. खालची ओल तिच्यातून सहज वर निघत नाही, तिथेच कुबते. तशा जमिनीवर कितीही सफाया केल्या तरी वास परत येणार. आणि नवं व्हिनाइलसुद्धा त्याच ओलीवर बसणार, हे सासूबाईंनाही सांगा.

फरशी कोरडी निघाली असं धरून हिशेब करू. एएमसी जीएसटीसह २१,२४० रुपयांना पडते, म्हणजे एका सफाईला १,७७०. सुटी सफाई २,९५०. दर बघितला तर एएमसी स्वस्त वाटते, आणि गोम इथेच आहे. घरातल्या खोलीला पाण्याची खोल सफाई वर्षातून एकदा पुष्कळ झाली. तीन वर्षांत तीन सुट्या सफायांचे ८,८५० होतात. म्हणजे १२,३९० रुपये तुम्ही न लागणाऱ्या नऊ सफायांसाठी मोजणार, तेही आगाऊ. त्यातली दर वर्षीची एक ऐन पावसाळ्यात येणार, जेव्हा ठाण्यात रुमालसुद्धा वाळत नाही. सफाई ऑक्टोबरच्या उन्हात करून घ्या, पंखे लावून, खिडक्या उघडून.

मशीन नको. वर्षातून एकदा लागणारी वस्तू ११ महिने माळ्यावर जागा अडवते. शिवाय नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज नसतं असं नाही. ते किमतीत किंवा हुकलेल्या रोख सवलतीत मुरलेलं असतं, आणि बँक त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लावते. वर प्रोसेसिंग फी वेगळी.

आता पट्ट्याचं. तुमच्या खोलीत ५० सेंटिमीटरच्या साधारण ५४ टाइल्स बसल्या असतील. त्यातल्या मळल्यात फार तर बारा-पंधरा. टाइल्स घेतल्या त्या याचसाठी ना? एकेक सुटी निघते. कपाटाखालच्या किंवा पलंगाखालच्या अखंड टाइल्स काढून दाराच्या पट्ट्यात घाला, मळक्या धुऊन त्यांच्या जागी. पाठीवरचा बाण आधी होता त्याच दिशेला ठेवा, नाहीतर लव उलटी पडून रंग वेगळा दिसतो. माळ्यावरच्या आठ कोऱ्या टाइल्स इथे वापरू नका. पाच वर्षं वापरलेल्यांशेजारी त्या ठिगळासारख्या दिसतील. जळकी किंवा फाटकी निघाली तरच त्यांना हात लावा.

धुण्याला खर्च नाहीच. आधी व्हॅक्यूम नीट फिरवा, कारण मळ म्हणजे बहुतांशी कोरडी धूळच, आणि ती ओली केली की चिखल होतो. मग पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब टाकून पांढऱ्या फडक्याने टिपायचं. घासायचं नाही, आणि डागाच्या कडेकडून आत यायचं. शेवटी साध्या पाण्याने पुन्हा टिपा. साबण राहिला तर त्यावर धूळ दुप्पट चिकटते. हळदीचा डाग असेल तर ती टाइल कोवळ्या उन्हात सपाट ठेवा, डाग फिका पडतो. कडक उन्हात नको, कडा वळतात. ब्लीच तर नकोच; नायलॉनची लव खराब होते. आठवड्यातून दोनदा व्हॅक्यूम आणि दाराशी जाड पायपुसणं, एवढ्यावर निम्मं काम भागतं.

सासूबाईंचा पर्याय चुकीचा नाही, फक्त आजचा नाही. १४४ चौरस फुटांचे २५,९२० रुपये होतात. दरमहा ५५० रुपयांची चार वर्षांची आरडी काढलीत तर २६,४०० मुद्दल आणि वर व्याज. भाव तोवर वाढेल, तो बराचसा व्याजातून निघेल, उरलेली भर तेव्हा घालू. मात्र घरात कुणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल आणि डॉक्टरांनी कार्पेट काढा म्हटलं असेल, तर वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवा आणि यंदाच काढा. त्यासाठी एफडी मोडावी लागली तरी मोडा.

कंपनीला फोन करून ऑक्टोबरची एकच सफाई ठरवा. आगाऊ मागितले तर थोडा विसार द्या, बाकीचे काम बघून.