‘मुलगा रॅपर व्हायचे म्हणतो’: एका कुटुंबाबरोबरचा अनुभव

‘मुलगा शिक्षण सोडून रॅप करायचे म्हणतो, आम्ही काय करावे?’ हा प्रश्न गेल्या काही वर्षांत पालकांकडून समुपदेशक म्हणून मला वारंवार विचारला जातो. पालकांना माझ्याकडून होकार किंवा नकार हवा असतो आणि तो मी देत नाही. त्यामागचे कारण सांगण्यासाठी पिंपरी-चिंचवडमधील एका कुटुंबाचा अनुभव त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा एकोणीस वर्षांचा होता. यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेचे दुसरे वर्ष चालू होते आणि तीन विषय राहिले होते. वडील भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कायम कामगार आणि तिथल्या कामगार संघटनेच्या समितीवर. आई घरीच शिवणकाम करणारी. पहिल्या भेटीत वडील बसता बसताच म्हणाले, “मॅडम, याच्यात टॅलेंट आहे की नाही, तेवढं सांगा. असेल तर मी गप्प बसतो.” मुलाने लगेच फोन पुढे केला. त्या दिवशी मी गाणे ऐकायला नकार दिला. मी चांगले म्हटले असते तर वडिलांचा तोंडघशी पाडल्यासारखा पराभव झाला असता आणि वाईट म्हटले असते तर मुलगा पुन्हा आला नसता. शिवाय एकोणिसाव्या वर्षीच्या एका गाण्यावरून पुढच्या वीस वर्षांचा अंदाज बांधण्याची पात्रता माझ्याकडे नाही आणि खरे तर ती कोणाकडेच नसते.

अशा घरांत एक नाव हमखास निघते. पुण्याच्या ताडीवाला रोड भागातून आलेला रॅपर एमसी स्टॅन २०२३ मध्ये हिंदी ‘बिग बॉस’ या कार्यक्रमाचा सोळावा हंगाम जिंकला, तेव्हापासून मुले त्याचे उदाहरण पुरावा म्हणून देतात आणि पालक तेच उदाहरण अपवाद म्हणून देतात. दोघेही यशाच्या शिखरावरच्या माणसाबद्दल बोलत असतात. मधल्या पायरीवर उभे राहून संगीतावर पोट भरणाऱ्या, नाव फारसे न झालेल्या माणसाचे चित्र दोघांच्याही डोळ्यांसमोर नसते, आणि माझ्या मते सगळे भांडण तिथेच अडते.

मुलाच्या आवडीचा उगम आईने सांगितला. लहानपणी आजोबा रोज संध्याकाळी त्याच्याकडून पाढे, पावकी आणि निमकी म्हणून घेत. हा ते पाटावर बोटांनी ठेका धरून, वेग वाढवत वाढवत म्हणायचा आणि श्वास कुठे घ्यायचा हे स्वतःच ठरवायचा. सातवीत मित्राच्या फोनवर मुंबईच्या पोरांचे रॅप ऐकले, तेव्हा “हे तर मला येतं” असे तो घरी येऊन म्हणाला होता. मग वह्यांची मागची पाने भरू लागली, पुढे गणेशोत्सवात मंडळाच्या मंचावर पहिल्यांदा तो चार मिनिटे उभा राहिला. यातले निम्मे वडिलांना त्या दिवशी प्रथमच कळले, कारण त्यांच्या पाळ्या फिरत्या असत.

वडिलांशी एकट्याने बोलले तेव्हा त्यांच्या भीतीला चेहरा मिळाला. त्यांचे थोरले भाऊ बेंजो पार्टीत वाजवायचे. लग्नसराई आणि गणपतीच्या दिवसांत हातात पैसा खेळायचा, पावसाळ्यात उधारी व्हायची. उधारी वाढली तशी दारू वाढली आणि शेवटी घर विकावे लागले. “माझा विरोध गाण्याला नाही,” ते म्हणाले, “आषाढात घरात काय असतं ते मी बघितलंय.” इतका स्पष्ट आर्थिक मुद्दा आपल्या घरात कितीदा तरी ‘संस्कार’, ‘वळण’ किंवा ‘लोक काय म्हणतील’ या शब्दांआड दडतो. मुलाला तर वडील आपल्या कलेचा तिरस्कार करतात असेच वाटत होते. पुढच्या भेटीत वडिलांनी काकांची गोष्ट त्याला स्वतः सांगितली. मुलगा त्यावर काही बोलला नाही, मात्र त्यानंतर तो वाद घालण्याऐवजी आकडे विचारू लागला.

आईची काळजी वेगळी होती. रात्रभर जागरण, दुपारपर्यंत झोप, गाण्यांतल्या शिव्या आणि ‘या लाइनमध्ये नशा असते’ असे शेजारी म्हणत. नशेबद्दल मी मुलाला आडवळण न घेता विचारले आणि प्रत्येक पालकाला तसेच विचारायला सांगते, कारण सूचक बोलण्याने मुले अधिक दूर जातात. त्याचा मित्रांशी संपर्क टिकून होता, जेवणखाण ठीक होते, आवडीच्या कामात उत्साह होता. हे नसते, म्हणजे मुलगा सगळ्यांपासून तुटला असता किंवा संगीतातूनही त्याचे मन उडाले असते, तर मी आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले असते आणि करिअरची चर्चा बाजूला ठेवली असती. जागरणाचे कारण साधेच निघाले. घर रस्त्यालगतचे, दिवसा रेकॉर्डिंगमध्ये रिक्षांचे हॉर्न आणि कुकरच्या शिट्ट्या येत. म्हणून तो रात्री एकनंतर डोक्यावरून गोधडी घेऊन, माईक उशीला टेकवून गात असे आणि सकाळचे तास बुडत. तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या एका छोट्या स्टुडिओत रविवारी रेकॉर्डिंग आणि घरी फक्त लेखन व सराव, एवढ्या बदलाने कॉलेजमधली हजेरी दोन महिन्यांत सुधारली. शिव्यांचा प्रश्न मी आई आणि मुलावरच सोडला.

यानंतर मी त्याला दोन गोष्टी लिहून आणायला सांगितल्या: पूर्ण झालेल्या गाण्यांची यादी आणि वर्षभराचा जमाखर्च. फोनमध्ये सत्तरच्या वर अर्धवट गाणी होती, पूर्ण करून प्रसिद्ध केलेली चार. ही यादी वाचताना त्याचा चेहरा उतरला, पण मला तिच्यातूनच पुढचा रस्ता दिसला. आवड असलेला माणूस सुरुवात करतो; व्यवसाय करणाऱ्याला गाणे संपवून, मिक्सिंग करून (म्हणजे आवाज आणि संगीत यांचा मेळ बसवून), ठरलेल्या तारखेला लोकांसमोर ठेवावे लागते. आम्ही ठरवले की सहा महिने दर सहा आठवड्यांना एक गाणे पूर्ण करायचे, मग ते मनासारखे झालेले असो वा नसो.

जमाखर्चात खर्चाची बाजू भरलेली होती: माईक, ऑडिओ इंटरफेस (माईकचा आवाज संगणकात घेणारे उपकरण), मिक्सिंगचे पैसे, गाणी सर्व ॲपवर पोहोचवणाऱ्या वितरकाची वार्षिक फी. जमेत कॉलेज महोत्सवांतले दोन कार्यक्रम होते. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा मिळायला किमान १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे लागते (छोट्या व्हिडिओंसाठी निकष वेगळा आहे), तर स्पॉटिफायवर २०२४ पासून, ज्या गाण्याला आधीच्या बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम मिळालेले नाहीत त्याचे पैसे मिळत नाहीत. हे त्याला माहीत होते, पण वडिलांसमोर मोठ्याने म्हणण्याची वेळ कधी आली नव्हती. शिवाय एका गाण्यावर कॉपीराइटचा दावा आला होता, कारण इंटरनेटवरून घेतलेली ‘फ्री’ बीट (गाण्यामागचे तयार संगीत) केवळ बिगरव्यावसायिक वापरासाठी फुकट होती. गाणे ध्वनिमुद्रणाच्या रूपात कमावते ते पैसे वितरकामार्फत येतात, पण गीतकार आणि संगीतकार म्हणून मिळणारे स्वामित्वधन (रॉयल्टी) वेगळे असते व त्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासद व्हावे लागते, हे त्याला नवीन होते.

दरम्यान ओळखीतून एक काम आले: स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे गाणे. मुलाला ते अपमानास्पद वाटले. माझे मत मी लपवले नाही. दुसऱ्यासाठी लिहिणे, जाहिरातीला आवाज देणे, दहीहंडीचे गाणे करून देणे हे हाताला वळण देणारे काम आहे आणि त्यात कमीपणा नाही. मात्र कोणासाठी शब्द झिजवायचे नाहीत, याची मर्यादा त्याची त्याने आखावी. त्याने पुढाऱ्याला नकार दिला आणि चिंचवडच्या एका मिठाईच्या दुकानाची तीस सेकंदांची जाहिरात केली.

मग एका संगीत कंपनीने त्याला करारपत्र पाठवले. एकरकमी पंधरा हजार रुपये, बदल्यात चार जुनी आणि पुढची दहा गाणी. मुलगा त्याच रात्री सही करणार होता. आईच्या सांगण्यावरून कागद वडिलांपुढे गेला, आणि पुढे जे झाले ते मला आजही फार मोलाचे वाटते. वडिलांनी आयुष्यभर वेतनकरार वाचले होते. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन घेतले आणि इंग्रजीतला तो कागद ओळीओळीने वाचून ‘कायमस्वरूपी’, ‘जगभर’ आणि ‘भविष्यात निर्माण होणारी सर्व माध्यमे’ या अर्थाच्या शब्दांखाली रेघा मारल्या. दोघे तो कागद घेऊन माझ्याकडे आले. मी वकील नाही, म्हणून त्यांना कॉपीराइटचे काम पाहणाऱ्या वकिलांकडे पाठवले. तिथे कळले की कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्क हस्तांतर लेखी व सहीनिशी असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारत मानला जातो. म्हणजे ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द मुद्दाम घातलेले होते. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना स्वामित्वधनातला समान वाटा सहजासहजी सोडून देता येणार नाही अशी तरतूद केली आहे, आणि करारात त्या वाट्याचा उल्लेखही नव्हता. वकिलांनी दुरुस्त्या सुचवल्या. कंपनीने उत्तर दिले नाही. मुलगा आठवडाभर नाराज होता.

त्या आठवड्यात बापलेक एकमेकांशी वेगळ्या रीतीने बोलू लागले. वडिलांना रॅप अजूनही फारसा आवडत नाही आणि आवडावा असा आग्रह मुलगाही धरत नाही. पण वितरकाकडून येणारा हिशेब आता वडील वहीत उतरवतात. पदविकेबाबतही निर्णय भांडणाविना झाला: राहिलेले विषय सोडवायचे, पदविका पूर्ण करायची, आणि त्यानंतर दोन वर्षे नोकरीसाठी घरातून तगादा लावायचा नाही. त्या दोन वर्षांत घरखर्चासाठी दरमहा ठरलेली रक्कम त्याने द्यायची, मग ती गाण्यातून येवो वा इतर कामातून. पावसाळ्यातल्या चार महिन्यांची रक्कम आधीच बाजूला काढून ठेवायची, ही अट वडिलांची होती.

आज त्याची पदविका झाली आहे. एका स्टुडिओत तो अर्धवेळ ध्वनिसंपादन करतो, पॉडकास्टचे आवाज स्वच्छ करतो, आणि त्याच ठिकाणी कामाच्या वेळेनंतर स्वतःची गाणी करतो. गेल्या वर्षभरात बारा महिन्यांपैकी नऊ महिने ठरलेली रक्कम घरी आली, तीन महिने आली नाही. आता त्याला मुंबईला जायचे आहे, आईला ते मान्य नाही आणि वडील अजून आकडेमोड करत आहेत. गणपतीत त्याचे कार्यक्रम असल्यामुळे पुढची भेट आम्ही त्यानंतर ठेवली आहे.