जमीन डेव्हलप करताय? जेसीबीच्या आधी एवढं बघा

पर्यावरण सांभाळून, कमी खर्चात जमीन कशी डेव्हलप करायची हे जेसीबी बोलवायच्या आधी विचारलंत हे बरं केलंत. पर्यावरण सांभाळायचं म्हणजे खिशाला चाट असं सगळे धरूनच चालतात, पण खरे पैसे वाचतात ते सुरुवातीलाच, तेव्हा सध्या एवढंच बघा:

१. एक अख्खा पावसाळा पाणी कुठून येतं, कुठे साचतं ते बघा. १ हेक्टरवर १० मिमी पाऊस म्हणजे १ लाख लिटर पाणी, ते ओढ्याने, गवताच्या चरातून फुकट जातं-मुरतं, ओढा बुजवलात की तेच काम पाइप आणि काँक्रीटकडून पैसे देऊन करून घ्यायचं, वर दरवर्षी गाळ काढत बसा.

२. प्लॉट सगळीकडे पसरू नका. घरं एका बाजूला जवळजवळ घेतली की रस्ता, पाण्याची लाइन, केबल सगळ्याचीच लांबी कमी होते, खर्चात मोठा फरक इथेच पडतो. मोकळी जागा वाया गेली असं वाटतं खरं, पण तिच्याकडे तोंड असलेले प्लॉट बहुधा आधी विकले जातात.

३. वरची माती विकू नका प्लीज! ढीग करून झाकून ठेवा, नाहीतर बागेसाठी तीच विकत आणाल.

नवे लोक हमखास आधी जमीन साफ-सपाट करतात आणि मग आर्किटेक्टला बोलावतात. उलट करा. आणि हिशोब नुसत्या बांधकामाचा नको, पुढच्या १०-१५ वर्षांच्या देखभालीचाही मांडा.

कार्बन क्रेडिट (कार्बन उत्सर्जन कमी केल्याबद्दल मिळणारं, विकता येणारं प्रमाणपत्र), करसवलत वगैरे आत्ता डोक्यातच घेऊ नका, ले-आउट पक्का झाला की बघू. जमिनीच्या चढउताराचा सर्व्हे झाला नसेल तर आधी तेवढा उरकून घ्या.