डबे पुरे, आता हयातीचे दाखले

प्रश्न : बँकेतून निवृत्त झाले, नौपाड्यात राहते. घरात मला कुणी विचारत नाही. मुलगा पाहुण्यांसमोरही म्हणतो, "आई, तुला नाही कळणार." सोसायटीत सगळ्यांना डबे देते, तर डबा धुऊनसुद्धा परत येत नाही. मी इतकी बिनकामाची आहे का?

उत्तर : राग येणारच. पण बहुतेक डबे कुणी मागितलेलेच नसतील. आपलं कौतुक व्हावं म्हणून केलेलं समोरच्याला ओझं वाटतं. जिथे कुणाचं खरंच अडलंय तिथे हात घाला. बँकेतलं काम तर तुमच्या हातातलं आहे.

केंद्राच्या पेन्शनरांचा हयातीचा दाखला, म्हणजे पेन्शनर जिवंत असल्याचा पुरावा, नोव्हेंबरात द्यावा लागतो. 80 च्या पुढच्यांचा 1 ऑक्टोबरपासून चालतो. गुडघे धरून त्यांनी बँकेत कशाला जायचं? सोसायटीतल्या अशांचा दाखला तुम्ही काढून द्या. मोबाइलवर 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन ॲप घ्या. आधी ऑपरेटर (दाखला काढून देणारी व्यक्ती) म्हणून स्वतःची नोंद करा, ती एकदाच. मग पेन्शनरचा आधार, मोबाइल, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक आणि पेन्शनचं खातं भरा, चेहरा टिपा.

अडतं ते बारीकसारीक गोष्टींत. आजोबा खिडकीकडे पाठ करून बसले की चेहरा काळा येतो; उजेड तोंडावर हवा. पापणी लवायला सांगितलं की मान हलते. ओटीपी जातो तो नंबर मुलाकडे, मुलगा पुण्याला. म्हणून फोन सोबत आणायला आधीच सांगा. ओटीपी त्यांनीच वाचावा, पिन तर विचारूच नका. पीपीओचा एक आकडा चुकला तरी दाखला नाकारला जाऊ शकतो, तेव्हा प्रमाण आयडी (दाखल्याचा क्रमांक) त्यांच्या वहीत लिहून द्या आणि आठवड्याने पुन्हा तपासा. पुनर्विवाह केलेल्यांना किंवा पुन्हा नोकरीला लागलेल्यांना मात्र कागदी दाखलाच द्यावा लागतो.

सोसायटीच्या ऑफिसात शनिवारी 11 ते 12, चार जण, बस. घरी बोलावलंत की दुपारी दोनलाही बेल वाजेल. पैसे नकोत, चहा चालेल.

यानं मुलगा सुधारेल असं मात्र धरू नका. तो विषय वेगळा. दोघंच असताना, टोमणा न मारता त्याला एवढंच सांगा : "पाहुण्यांसमोर मला असं बोलू नकोस." जुनं काही उकरू नका, नाहीतर मुद्दा तिथेच हरवतो. डबे मागून नेणाऱ्यांनाच द्या.

झोप उडालीय, जेवण जात नाही, असं दोन आठवडे चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.