अल्टरनेटर, वॉटर पंप फिरवणाऱ्या इंजिन बेल्टला बाहेरून जादा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) बसवावा का?

मूळ इंजिनात स्प्रिंगचा ऑटोमॅटिक टेन्शनर असेल, तर नको. बेल्ट झिजला, ताणला तरी तो स्प्रिंग ताण बऱ्यापैकी सारखा राखतो. वरून आणखी ताण दिला की अल्टरनेटर आणि वॉटर पंपाची बेअरिंग लवकर जातात, आणि हा खर्च बेल्टपेक्षा कितीतरी मोठा.

बेल्ट किंचाळतोय म्हणून विचारत असाल, तर आधी पुलींची सरळ रेघ, तेल किंवा कूलंटची गळती आणि बेल्टच्या खाचा पाहा. हल्लीचे ईपीडीएम रबराचे बेल्ट तडे न जाताही झिजतात, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नका. टेन्शनरच थकला असेल तर तोच नवा घाला.

सुपरचार्जर (बेल्टवर चालणारा, इंजिनात जादा हवा दाबणारा पंप) लावून बेल्ट खरोखर घसरत असेल, तिथे मात्र जादा टेन्शनरला अर्थ आहे.

टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा वेगळा बेल्ट) असले प्रयोग कृपया करूच नका. तो सुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.