ऑक्टोबरमध्ये कोल्हापूरकडं हवा कशी असते? सोयाबीन काढायचंय, विमानानं यायचंय, मग मालवणला बोटीतून फिरायचंय.

मान्सून इथून साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास परततो, पण जाताना दुपारी तापवतो आणि संध्याकाळी विजांसह झोडपतो. म्हणून सोयाबीन कापलं की शेतात पसरून ठेवू नका, ताडपत्री हाताशी हवीच. उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर उतरायचं तर सकाळचं विमान बरं. गडगडाटी ढग बहुधा दुपारनंतर चढतात. पहाटे धुकं असलं तर थोडा उशीर, एवढंच. खरी काळजी समुद्राची. अरबी समुद्रात ऑक्टोबर-नोव्हेंबर हा वादळांचा दुसरा हंगाम. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस ‘क्यार’ चक्रीवादळ किनाऱ्यावर न धडकताही कोकणात भात भिजवून गेलं. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल तर बोटीचा हट्ट सोडा, तांबडा-पांढरा ओरपत इथंच थांबा.