'द सोप्रानोज'च्या तिसऱ्या सीझनचा पहिला भाग वगळला तर चालेल का?

नाही, वगळू नका. संथ वाटतो हे खरं, कारण त्यात मालिकेचा नायक, माफिया टोळीचा म्होरक्या टोनी, याच्यापेक्षा जास्त वेळ अमेरिकेची तपास संस्था एफबीआयच दिसते. न्यू जर्सीतल्या त्याच्या घराच्या तळघरात मायक्रोफोन लपवायचाय, एवढीच गोष्ट. पण त्यासाठी घरातला प्रत्येक जण कधी बाहेर पडतो, कधी परततो, कामवाली कुठे जाते, सगळ्याची नोंद. टोनीला टोपणनाव 'डेर बिंगल', बायकोला 'मिसेस बिंग', आणि घराला चक्क 'सॉसेज फॅक्टरी'! त्यात नेमकं तळघरातलं पाणी तापवायचं यंत्र फुटतं आणि एफबीआयच्या साहेबांची सगळी मोहीम प्लंबरपायी अडते. भागाला नावही त्या प्लंबरचंच.

शेवटी टेबललॅम्पमध्ये यंत्र बसतं. आता कान देऊन बसलेल्यांना मिळतं काय? नवरा-बायकोच्या घरगुती गप्पा. मला तरी हाच विनोद सगळ्यात आवडला. आणि तो लॅम्प लक्षात ठेवा, पुढे त्याचं काय होतं ते बघण्यासारखं आहे.

दुसरं, टोनीच्या टोळीतला पॅट्सी. त्याचा जुळा भाऊ दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात टोनीच्याच हुकमावरून मारला गेला होता. इथे पॅट्सी दारूच्या नशेत पिस्तूल घेऊन टोनीच्या अंगणात येतो, खिडकीतून नेम धरतो, रडतो, आणि पोहण्याच्या तलावात लघवी करून निघून जातो. हे बघितलं नाही तर पुढचा पॅट्सी अर्धाच कळेल.

४ मार्च २००१ ला हा आणि दुसरा भाग एकाच रात्री दाखवले होते. तुम्हीही लागोपाठ बघा.